रोज डाळिंब, रोज सफरचंद, तरी हिमोग्लोबिन नऊवरच का?

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजात आहे. तिचं हिमोग्लोबिन ९.४ आलं, एमसीव्ही ७१ आणि फेरिटिन ६. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण पोट साफ होईना म्हणून तिने आठवड्याभरात बंद केल्या. तेव्हापासून सकाळी नाश्त्याला पोहे-चहा झाला की डाळिंबाचा रस, चार वाजता सफरचंद, रात्री दुधात भिजवलेले खजूर, आठवड्यातून दोनदा बीटची कोशिंबीर असं नेमाने चाललंय. तीन महिन्यांनी तपासलं तर ९.५. आम्ही शाकाहारी आहोत. अजून कोणती फळं द्यावीत? सासूबाईंची हाडं ठिसूळ झाली आहेत आणि सासऱ्यांचं क्रिएटिनिन १.९ आहे. त्यांनाही हीच फळं चालतील का?

उत्तर :

ताई, तुम्ही तीन महिने एक दिवस न चुकवता हे सगळं केलंत, त्यामुळे आकडा हलला नाही म्हणून जीव खाली बसणं साहजिक आहे. पण मुलीचा रिपोर्ट एका अर्थी चांगला आहे, कारण तो नेमकं काय बिघडलंय ते सांगतो. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो १५ च्या खाली गेला की साठा संपला असं धरतात. तिचा ६ आहे. एमसीव्ही म्हणजे रक्तपेशीचं सरासरी आकारमान. ते ८० च्या वर हवं, तिचं ७१ आहे, म्हणजे पेशी लहान पडताहेत. बी-१२ कमी असेल तर पेशी सहसा मोठ्या होतात. तेव्हा हा लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आहे, आणि तो पूर्ण बरा होतो.

फळं तिला द्यायचीच आहेत. फक्त ती कशासाठी आणि कधी, हे बदलायला हवं. फळांतून लोह फारसं मिळत नाही. दुसऱ्या अन्नातलं लोह अंगी लागावं म्हणून फळ लागतं, आणि तेही त्याच जेवणात. तुमच्या घरी फळं खाल्ली जातात, पण बहुतेक जेवणापासून लांब. म्हणून इतकं करूनही उपयोग झाला नाही.

आधी आकडे बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे नवे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह आहे सुमारे ०.३ मिलिग्रॅम. सफरचंदातही जवळपास तेवढंच. बीटमध्ये एक मिलिग्रॅमही नाही. आणि तुमच्या मुलीच्या वयाच्या स्त्रीची रोजची शिफारस आहे २९ मिलिग्रॅम. मोठा पेला भरून डाळिंबाचा रस काढलात तरी त्यातून एक मिलिग्रॅम लोह निघत नाही, आणि गाळताना चोथा जातो तो वेगळाच. लाल रंग बघून 'रक्त वाढतं' ही समजूत पडली आहे. डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिनचा, बीटचा बीटालेनचा; दोन्हींचा लोहाशी संबंध नाही. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस पडतं, त्यालाही लोक गंज चढला म्हणतात. ते सफरचंदातल्या एका एन्झाइमचं काम आहे, हवा लागली की फोड तपकिरी होते. लिंबू चोळलं की होत नाही, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असतं.

खजुरात लोह थोडं बरं आहे, पण चार खजुरांतून जेमतेम एखादा मिलिग्रॅम, आणि तुम्ही ते दुधात घालता. दुधातलं कॅल्शियम लोहाला नीट आत शिरू देत नाही. खजूर द्या, दूधही द्या, पण दोन्ही एका वाटीत नको.

आता फळाचं खरं काम. धान्य, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह ज्या रूपात असतं ते लहान आतड्यात पोचलं की तिथल्या कमी आम्ल वातावरणात विरघळेनासं होतं आणि न वापरताच बाहेर पडतं. शाकाहारी जेवणातल्या लोहाचा फार थोडा भाग रक्तात जातो. बहुधा दहा टक्क्यांच्या आतच. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेलं तर ते लोहाचं रूप बदलतं आणि ते विरघळलेलं ठेवतं. मग शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. एका जेवणाला ५० ते १०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरे होतं. पण ते त्याच जेवणात हवं. चार वाजता एकट्याने खाल्लेलं फळ दुपारच्या डाळीतल्या लोहाला काही मदत करत नाही.

आणि इथेच सफरचंद मागे पडतं. त्यात क जीवनसत्त्व नावालाच आहे. डाळिंबातही बेताचंच. जामात, म्हणजे पेरूत, १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास. आवळ्यात वाण आणि ऋतूप्रमाणे २५० पासून ६०० पर्यंत. संत्र्या-मोसंबीत ४० ते ५०. आपल्याकडे हिवाळ्यात चोइथराम मंडीत जामाच्या पाट्या लागतात, गल्लोगल्ली ठेले फिरतात, आणि तरीही आजारी माणसाला भेटायला जाताना लोक चौपट पैसे मोजून सफरचंदच नेतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. अर्धा जाम जेवणाच्या ताटात ठेवा, जेवता जेवता खाऊ द्या. आवळा कच्चा किसून चिमूट मीठ लावा, एक चमचा पुरे. मोरावळा चवीला छान, पण शिजवताना क जीवनसत्त्व बरंच जातं आणि उरते साखर. हंगाम नसेल तेव्हा अर्धं लिंबू, कच्च्या कैरीची फोड, कच्ची सिमला मिरची, वरून भरपूर ताजी कोथिंबीर. लिंबू नेहमी गॅस बंद केल्यावर पिळायचं. उकळत्या आमटीत पिळलंत तर आंबटपणा राहतो, जीवनसत्त्व कमी होतं.

मग लोह कुठून आणायचं? त्याच तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कोरड्या वजनाला बाजरीत सहाच्या वर मिलिग्रॅम, अख्ख्या हरभऱ्यात आणि अख्ख्या मसुरात सातच्या आसपास, मटकीत आठच्या जवळ, सोयाबीनमध्ये आठ, तिळात चौदा-पंधरा. पालेभाज्यांत मेथी आणि माठ पालकापेक्षा वरचढ. पालकाचं नाव उगाच मोठं झालंय. त्यात तीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह, आणि तेही नीट शोषलं जात नाही. सोयाबीनबद्दल सांगते, कारण माळव्यात ते शेतोशेती पिकतं, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था इथेच खंडवा रोडवर आहे, आणि तरी घराघरांत ते तेलाच्या रूपातच येतं. एक किलो गव्हाला शंभर ग्रॅम भाजलेलं सोयाबीन घालून दळा. पोळीची चव बदलत नाही, प्रथिनंही वाढतात. कच्चं मात्र दळू नका, ते पचत नाही.

कडधान्यांना मोड आणायला विसरू नका. त्यांच्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते लोहाला आणि जस्ताला धरून ठेवतं. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, मोड काढले की ते बरंच कमी होतं. आंबवल्यानेही होतं. आपल्या आज्या मटकी पंच्यात बांधून ठेवत, त्यामागे हे कारण होतं.

आता चहा. जेवणाबरोबर किंवा लगोलग घेतलेल्या एका कपाने शाकाहारी अन्नातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येतं, कारण चहातली टॅनिन्स लोहाला चिकटतात. कॉफीचंही तसंच, थोडं कमी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा असं स्पष्ट लिहिलं आहे. इंदुरात हे सांगणं किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे. सकाळी पोहे आणि लगेच कट चहा ही इथली रीत आहे. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींना चहा सोडा म्हणत नाही. आधी उठल्या उठल्या चहा घ्या, मग अंघोळ-पूजा आवरून तासाभराने पोहे खा, एवढंच सांगते. बऱ्याच जणी हे पाळू शकतात.

पोह्यांची एक प्लेट नीट बघू, कारण तीच तुमच्याकडे रोज होते. साठ ग्रॅम कोरडे पोहे धरले तर त्यातून लोह सुमारे अडीच-तीन मिलिग्रॅम. वर शेव टाकली, बाजूला जिलेबी घेतली तर लोहात विशेष भर पडत नाही. आता त्याच प्लेटवर उसळ घाला, इंदुरी उसळ-पोह्यांसारखी, पण घरी केलेली, मोड आलेल्या मटकीची किंवा हरभऱ्याची, लाल तर्री कमी ठेवून. मूठभर शेंगदाणे फोडणीत घाला, उतरवल्यावर अर्धं लिंबू पिळा, कोथिंबीर हात सोडून घाला, आणि सोबत जामाच्या चार फोडी द्या. लोह जवळजवळ दुप्पट झालं, आणि त्यातलं अंगी लागणारं प्रमाणही वाढलं. पैसे वाढले दहा-पंधरा रुपये. डाळिंबाच्या रसाचा खर्च आठवून बघा.

दुपारी डब्यात मेथी किंवा माठाची भाजी, सोयाबीन घातलेल्या पिठाची पोळी, घट्ट मसुराची आमटी, आणि डब्याच्या लहान कप्प्यात लिंबाची फोड किंवा किसलेला आवळा. कॉलेजात मुली डब्यानंतर कॅन्टीनमध्ये चहा घेतात. तेवढा तिने चार वाजता घ्यावा. रात्री थंडीत बाजरीची भाकरी. दही-दूध तिला चालेल, पण ते सकाळी उसळीबरोबर न देता रात्री झोपताना द्या. गुळाचा खडा आवडत असेल तर द्या. मात्र दहा ग्रॅम गुळात अर्धा मिलिग्रॅमच लोह असतं, त्यावर भिस्त ठेवू नका. अळीवाचे लाडू जरूर करा. अळीवाचा जुना छापील आकडा १०० मिलिग्रॅम होता, अजूनही तोच सगळीकडे फिरतो. २०१७ च्या तक्त्यात तो सतराच्या आसपास आहे. तरीही ते उत्तमच. भिजवून, वर लिंबू पिळून.

घरातली लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा. टोमॅटो, चिंच, आमसूल घातलेली आमटी किंवा भाजी लोखंडात शिजवली की कढईतलं थोडं लोह अन्नात उतरतं. जितकं आंबट, जितका वेळ शिजेल, तितकं जास्त. झालं की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढायचं. तसंच ठेवलं तर काळं पडतं, तोंडात कडवट चव येते, आणि मग मुलं खात नाहीत. कढई धुऊन कोरडी करून तेलाचं बोट फिरवून ठेवा. नॉनस्टिक तवा-कढई आल्यापासून घराघरांतून हा आयता स्रोत गेला.

एवढं सगळं केलं तरी, ताई, फेरिटिन ६ असताना नुसत्या जेवणाने साठा भरत नाही. उत्तम शाकाहारी ताटातून दिवसाला दीड-दोन मिलिग्रॅम रक्तात गेलं तरी खूप झालं, आणि त्यातलं बरंचसं पाळीत आणि रोजच्या झिजेत जातं. गोळी घ्यावीच लागेल. ती का सोसली नाही ते बघू. बहुतेक गोळ्यांत ६० ते १०० मिलिग्रॅम लोह असतं. न शोषलेलं लोह आतड्यात राहून बद्धकोष्ठ किंवा मळमळ करतं. एक डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि साधारण दिवसभर पुढच्या लोहाला वाट अडवतं. म्हणून अलीकडे बरेच डॉक्टर रोज दोन गोळ्यांऐवजी एक, किंवा एक दिवसाआड एक देतात. त्यात प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि पोटही कमी बिघडतं. तुमच्या डॉक्टरांना हे विचारा, आपल्या मनाने बदलू नका. गोळी लिंबूपाण्याबरोबर, दूध-चहा-कॅल्शियमपासून दोन तास लांब. शौच काळी होईल, घाबरायचं नाही. आणि बद्धकोष्ठावर पुन्हा जामच द्या, बियांसकट. त्याच्या चोथ्याने पोट साफ होतं.

गोळी नीट चालली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅम तरी वाढायला हवं. १२ झालं की लोक आनंदाने गोळी सोडून देतात आणि वर्षाने पुन्हा तिथेच येतात. १२ नंतर आणखी तीन महिने घ्यायची, साठा भरण्यासाठी. महिन्याभरात अजिबात वाढलं नाही तर डॉक्टरांकडे परत जा. गव्हाची अॅलर्जी म्हणतात तो सिलिअॅक आजार, जंत, पित्ताच्या रोजच्या गोळ्या, ही कारणं शोधावी लागतात. पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, गाठी जातात का, हेही तिला एकटीला, शांतपणे विचारा. मुली हे आपणहून सांगत नाहीत, आणि भोक बुजवल्याशिवाय हौद भरत नाही.

तुमच्या प्रश्नात मुलगी आहे, सासू-सासरे आहेत. तुमचा स्वतःचा रिपोर्ट कुठे आहे? २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. तुम्हीही त्याच स्वयंपाकघरातलं, त्याच चहाबरोबर, आणि बहुधा सगळ्यांच्या शेवटी जेवता. मुलीची पुढची तपासणी कराल तेव्हा तुमचीही करा. बी-१२ सुद्धा, कारण आपल्यासारख्या शाकाहारी घरांत ते सर्रास कमी असतं आणि कोणत्याही फळात ते नाही.

सासूबाईंना फळांनी हाडांसाठी कॅल्शियम मिळणार नाही. त्यांना दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम हवं, आणि अख्ख्या मोसंबीतून मिळतं तीस-चाळीस. एक पेला दुधातून २४०, पन्नास ग्रॅम नाचणीतून १८०, चमचाभर तिळाच्या चटणीतून शंभरएक. शेवग्याचा पाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटमुळे जवळजवळ वाया जातं. मांडूला जाणं झालं तर तिथली गोरखचिंच आणा. तिच्या गरात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व दोन्ही भरपूर, भिजवून सरबत होतं. त्यांची कॅल्शियमची गोळी आणि मुलीची लोहाची गोळी एकाच डबीत ठेवता का? वेगळ्या ठेवा, घोटाळा होतो. ड जीवनसत्त्वाची तपासणी झाली नसेल तर ती करा. ते कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र जपून. वर मी ज्याची इतकी शिफारस केली ते सगळं त्यांना चालेलच असं नाही. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांचं काम कळतं. ते १.९ म्हणजे मूत्रपिंडं पोटॅशियम पुरेसं बाहेर टाकू शकत नसतील, आणि रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लय बिघडू शकते. केळी, नारळपाणी, संत्र्या-मोसंबीचा रस, खजूर, आणि हिवाळ्यात सराफ्यात तळून मिळणारा गराडू कंद, ही सगळी पोटॅशियमने भरलेली. पोटॅशियमचा ताजा आकडा हातात आल्याशिवाय यांतलं काही देऊ नका. तुमच्या घरी बिनकामाचं ठरलेलं सफरचंद त्यांनाच बरं, शिवाय पेअर, अननसाची फोड. एका वेळी एकच, रस नाही. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकलं की पोटॅशियम कमी होतं. 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, ते त्यांना अजिबात नको, रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर तर मुळीच नको. आणि शाळांबाहेर मसाला लावून मिळतं ते कमरख, म्हणजे ताऱ्यासारख्या फोडींचं आंबट फळ, घरात आणूच नका. मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्यातल्या विषारी द्रव्याने न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्यांच्या पुढच्या तपासणीत क्रिएटिनिनबरोबर सोडियम-पोटॅशियमही लिहून घ्या, आणि तो कागद मिळाला की कोणतं फळ किती ते आपण ठरवू.